नवा चक घेण्याआधी डायल कोठे लावावा

प्रश्न : मी नागपुरात नंदनवन भागात कूलरच्या मोटारी आणि पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचे दुकान चालवितो. हिंगणा एमआयडीसीतील एक वर्कशॉप बंद झाले तेव्हा तेथील छोटे बेंच लेथ (वस्तू फिरवून कापण्याचे यंत्र) मी विकत घेतले. सेंटर हाइट (बेडपासून, म्हणजे खालच्या लांब पाट्यापासून, मध्याची उंची) चार इंच, मोटर अर्ध्या एचपीची, स्पिंडल नोज (फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, चक चढविण्याचे तोंड) दीड इंची आणि त्यावर इंचाला आठ आटे आहेत. सोबत सहा इंची ट्रू चक (तिन्ही जॉ, म्हणजे पकडी, एकदम सरकणारा), एक कॅच प्लेट (नोजवर बसून शाफ्टला सोबत फिरविणारी चकती) आणि दोन सेंटर (शाफ्ट दोन्ही टोकांना धरणारे टोकदार सुळे) मिळाले. चकात मोटारीचा शाफ्ट पकडला की डायल (काट्याने बारीक फरक दाखविणारे मोजमापाचे यंत्र) ०.३० मिलिमीटरचा फरक दाखवितो. दुकानदाराचे म्हणणे असे की, घ्यायचाच तर नवा सहा इंची भारी चक घ्यावा म्हणजे पुन्हा खर्च नको. ट्रू चक घ्यावा की डॉग चक, किती मापाचा घ्यावा आणि तो बसवावा कसा? फेब्रुवारी संपत आला आहे आणि मार्चपासून आमचा सीझन सुरू होतो.

— एक वाचक, नंदनवन

उत्तर : मोटारींच्या कामात ०.३० चा फरक खपवून घेण्यासारखा नाही, हे आपण बरोबर ओळखले आहे. डायल ज्याला ०.३० म्हणतो तो शाफ्ट प्रत्यक्षात मध्यापासून ०.१५ मिलिमीटर सरकलेला असतो, कारण एका फेऱ्यात काटा एकदा इकडची आणि एकदा तिकडची चूक मोजतो. लहान मोटारीत रोटर आणि स्टेटर यांच्यामधील फट मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच असते. बेअरिंगची झिजलेली जागा वेल्डिंगने भरून ती अशा आउट (मध्य सोडून) फिरणाऱ्या शाफ्टवर टर्न केली, म्हणजे लेथवर कापून गोल केली, तर त्या फटीचा मोठा हिस्सा एका बाजूने खाल्ला जातो, मोटर घुमू लागते, तापते आणि गिऱ्हाईक आठ दिवसांत मोटर घेऊन परत दारात उभे राहते.

मात्र ही चूक चकाचीच आहे, असे या एका आकड्यावरून ठरत नाही. काटा शाफ्टवर टेकलेला होता. त्या शाफ्टच्या मागे जॉ, जॉच्या मागे स्क्रोल (जॉ सरकविणारी आट्यांची चकती), मग चकाची बॉडी, तिच्यामागे बॅकप्लेट (चक स्पिंडलला जोडणारी प्लेट) आणि सर्वांत मागे स्पिंडल अशी रांग आहे, आणि शाफ्टवर दिसणारा आकडा ही या सगळ्यांच्या चुकांची गोळाबेरीज असते. शिवाय आपण पकडलेला शाफ्ट दुरुस्तीला आलेला होता, म्हणजे तो स्वतःच वाकलेला असण्याची शक्यता निम्मीशिम्मी तरी आहे. कूलरचा पंखा निघत नाही म्हणून शाफ्टच्या टोकावर हातोडी चालविण्याची आपल्याकडची रीत आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

तेव्हा पैसे काढण्याआधी एक संध्याकाळ डायलसाठी द्यावी आणि मोजणी मागून पुढे करीत यावे. चक उतरवून स्पिंडल नोज रॉकेलने स्वच्छ पुसावा. आट्यांच्या मागे जो साधा गोल भाग असतो त्यावर काटा टेकवून स्पिंडल हाताने फिरवावा, आणि नंतर त्यामागच्या खांद्याच्या सपाट तोंडावर काटा लावून पुन्हा फिरवावा. या दोन्ही ठिकाणी काटा ०.०१ च्या आत राहिला तर मशीन ठीक आहे, असे समजावे. तो ०.०५ किंवा त्याहून अधिक हलत असेल तर जगातील कोणताही चक आपल्याला उपयोगी पडणार नाही, आधी स्पिंडलच्या बेअरिंगकडे पाहावे लागेल. नोजखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचलून पाहिला आणि काटा उडाला, तर तेथे ढिलाई आहे हे लगेच कळते. स्पिंडल चांगला निघाला की चक चढवून बॉडीच्या बाहेरच्या गोलाईवर काटा लावावा. बॉडी थोडी आउट असली तरी घाबरू नये, पण तो आकडा कागदावर लिहून ठेवावा. शेवटी शाफ्टऐवजी खात्रीचा सरळ रॉड पकडावा. त्यासाठी सिल्व्हर स्टीलचा तुकडा सर्वांत चांगला, पण तो नसेल तर भंगारातील प्रिंटरमधली, जिच्यावरून शाईचा डबा सरकत असतो ती गुळगुळीत दांडीही चालते. याच क्रमाने गेल्यास चूक ज्या पायरीवर उगवते ती पायरी आपोआप उघडी पडते.

चूक जॉपाशीच आहे असे दिसले तरीही जुना चक एकदा उघडून धुवावा. वर्षानुवर्षे उत्पादनात राबलेल्या चकाच्या पोटात काय निघते ते पाहण्यासारखे असते. तेलात भिजून, दाबले जाऊन काळ्या वडीसारखा घट्ट झालेला लोखंडाचा चुरा स्क्रोलच्या आट्यांत बसलेला असतो, आणि त्यातील एखादा कण जॉच्या दाताखाली आला की तो जॉ बाकीच्या दोघांच्या मागे राहतो. मागचे बोल्ट काढून स्क्रोल बाहेर घ्यावा, रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने प्रत्येक आटा साफ करावा आणि जोडताना पातळ तेल लावावे. ग्रीस भरण्याचा मोह होतो, पण ग्रीस पुढचा चुरा धरून ठेवते.

जॉवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, कारण स्क्रोल हा गोल गोल फिरत आत जाणारा एकच आटा असल्यामुळे प्रत्येक जॉचे दात थोडे पुढेमागे कापलेले असतात. आट्याचे तोंड पहिल्या खाचेत दिसले की पहिला जॉ घालावा, मग दुसऱ्या खाचेत दिसले की दुसरा आणि तसाच तिसरा. हा क्रम चुकला तर जॉ मध्यावर एकत्र मिळतच नाहीत. आकडे झिजलेले असल्यामुळे जॉ चुकीच्या खाचेत बसवून कित्येक महिने काम चालविलेले चक मी पाहिले आहेत. धुतल्यानंतर दोन ठिकाणी कागदाची बारीक पट्टी ठेवून रॉड पकडून पाहावा, एक पट्टी जॉच्या पुढच्या टोकाशी आणि एक मागच्या. मागची घट्ट आणि पुढची सहज निघणारी असेल तर जॉ तोंडाशी झिजून पसरले आहेत, आणि ते ग्राइंड करून घेतल्याशिवाय तो चक नाजूक कामाला घेता येणार नाही. ग्राइंडिंग करताना जॉ पकडीच्या ताणाखाली असावे लागतात. मोकळे जॉ ग्राइंड करणाऱ्याकडे चक देऊ नये.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. सरळ ठोकळ्यातून जॉब (घडवायची वस्तू) कापून काढायचा असेल, तर चक किती आउट आहे याला जवळजवळ काही अर्थ नसतो. रॉड वेडावाकडा पकडला तरी टूलने कापलेली प्रत्येक गोलाई स्पिंडलच्याच मध्यावर होते, आणि एकाच पकडीत केलेले बोअर (आतले भोक), बाहेरचा व्यास व फेस (सपाट तोंड) एकमेकांशी अचूक जुळतात. चकाची चूक जॉबमध्ये उतरते ती जॉब काढून पुन्हा पकडताना. आपले सगळे काम याच दुसऱ्या प्रकारचे आहे. शाफ्ट आधीच कोणीतरी बनविलेला आहे, त्याचा मध्य ठरलेला आहे, आणि आपल्याला त्या जुन्या मध्याला धरून १५ मिलिमीटरची, म्हणजे ६२०२ बेअरिंगची जागा पुन्हा करावयाची आहे. नवा कोरा ट्रू चकदेखील डायलवर ०.०५ ते ०.१० पर्यंत फरक दाखवू शकतो, आणि हा फरक पकडलेल्या व्यासानुसार बदलतो. महागडा ट्रू चक घेतला तर हा आकडा कमी होईल, पण जॉ झिजू लागले की तो पुन्हा वाढणारच.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, आपण आधी डॉग चक घ्यावा, म्हणजे ज्याचे चारही जॉ स्वतंत्रपणे हलतात तो. त्यात शाफ्ट डायल लावून ०.०२ च्या आत आणणे हे सवयीनंतर पाच मिनिटांचे काम आहे, आणि चक दहा वर्षे जुना झाला तरी ही अचूकता जात नाही, कारण ती चकाच्या अंगी नसून आपण प्रत्येक वेळी लावून घेतलेली असते. ट्रू चकाची सोय अर्थातच मोठी आहे. चावी फिरविली की जॉब मध्यावर, आणि बुश, वॉशर, स्पेसर अशा कामांना डॉग चक वापरणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. पण त्या कामांसाठी आपला जुना चक धुऊन पुसून अजून बराच काळ चालेल.

एक गोष्ट मात्र आपल्या पत्रातच होती आणि आपण तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. आपल्याकडे कॅच प्लेट आणि दोन सेंटर आहेत. ज्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना सेंटरची भोके शाबूत आहेत, त्याला चकाची गरजच नाही. दोन सेंटरमध्ये धरून, शाफ्टला कॅरिअर (शाफ्टवर कसून कॅच प्लेटला अडकणारी पकड) लावून तो फिरविला, तर ज्या भोकांवर तो कारखान्यात टर्न झाला असण्याची शक्यता आहे त्याच भोकांवर आपण काम करतो. टोक हातोडीने फुलले असेल तर भोकाची कड आधी हाताने साफ करून घ्यावी. (या कॅरिअरलाही जुने टर्नर डॉगच म्हणतात, त्यामुळे दुकानात नुसते “डॉग द्या” असे म्हटले की दुकानदार काय पुढे करील याचा नेम नसतो.) रोटरसकट शाफ्टसाठी मी स्वतः आधी हीच पद्धत वापरून पाहीन आणि भोके बिघडलेली असतील तेव्हाच डॉग चकाकडे वळेन.

मापाबाबत दुकानदाराचे म्हणणे मला पटत नाही. आपल्या बेडवर जास्तीत जास्त आठ इंचांचा, म्हणजे सुमारे २०० मिलिमीटरचा जॉब फिरू शकतो. १६० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंची म्हटल्या जाणाऱ्या चकाची बॉडी त्यात मावते, पण थोडा मोठा जॉब पकडताना जॉ बॉडीबाहेर आले की ते बेडच्या जवळ पोहोचतात. वजन हा त्याहून मोठा मुद्दा आहे. १०० मिलिमीटरचा चक साधारण तीन-साडेतीन किलोचा, १२५ चा पाच किलोच्या आसपास आणि १६० चा आठ-नऊ किलोचा असतो. परंतु फिरविताना मोटारीला जाणवते ते नुसते वजन नव्हे. सारख्याच जाडीची दोन चकत्यांसारखी वजने घेतली तर फिरण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे १६० चा चक १०० च्या चकापेक्षा साडेसहा पट जड वाटतो, आणि जाडीही जास्त असल्याने खरा आकडा त्याहून मोठा होतो. अर्ध्या एचपीची सिंगल फेज मोटर दर वेळी हे ओझे गरागरा फिरवायला घेणार, कॅपॅसिटर आणि बेल्ट त्याची किंमत मोजणार, आणि स्पिंडलचे पुढचे बेअरिंग रात्रंदिवस ते तोलून धरणार. सध्या मिळालेला सहा इंची चकदेखील या मशीनला मोठाच आहे. आधीच्या मालकाने तो हाताशी होता म्हणून बसविला असावा.

आपल्यासाठी १२५ मिलिमीटरचा डॉग चक योग्य राहील. दुकानात तो हातात घेऊन चारही स्क्रू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावेत; मध्येच अडखळणारा किंवा खडखडणारा स्क्रू असला तर दुसरा चक मागावा. जॉ खाचेत हलवून पाहावा. थोडी सैलसर चाल ठीक आहे, कडेला झुकणारा जॉ नको. चकाच्या मधले भोक आपल्या स्पिंडलच्या भोकापेक्षा लहान नसावे, अन्यथा लांब शाफ्ट मागे स्पिंडलमध्ये घालता येणार नाही. चकावर किंवा त्याच्या कागदावर लिहिलेली कमाल गती पाहून घ्यावी. बिडाच्या बॉडीचा चक त्या आकड्यापलीकडे कधीही फिरवू नये. सीए रोडवरच्या मशिनरीच्या दुकानांत चक मिळेल. बॅकप्लेटसाठी बिडाचे ओतीव ब्लँक (अजून न कापलेला ठोकळा) तेथे न मिळाल्यास इतवारीत लोहाओळीकडे विचारावे. आपल्या दीड इंची आठ आट्यांची तयार बॅकप्लेट कोणी देऊ केली तर ती घेण्याआधी नोजवर प्रत्यक्ष चढवून पाहावी, कारण आट्यांची संख्या सारखी असूनही कोन ५५ अंशांचा आहे की ६० अंशांचा यावर बसणे अवलंबून असते आणि साध्या नजरेला तो फरक दिसत नाही.

बॅकप्लेट स्वतः करणे हेच मी सुचवीन, आणि ती करण्यासाठी आपला आउट असलेला जुना चक पुरेसा आहे, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. आधी स्पिंडल नोजची एक हुबेहूब प्रत, म्हणजे प्लग तयार करावा लागतो, कारण बॅकप्लेटचे आटे कापताना खरा नोज चकाखाली दडलेला असतो आणि त्यावर ती चढवून पाहता येत नाही. हा प्लग एमएसच्या (साध्या पोलादाच्या) रॉडमधून दोन सेंटरच्या मध्ये कॅच प्लेट लावून करावा. त्यात सोय अशी की जुना चक उतरलेला असल्यामुळे त्याची बॅकप्लेट सोडवून ती प्लगवर पुन्हा पुन्हा चढवून पाहता येते, आणि प्लग सेंटरमधून काढून परत ठेवला तरी आट्यांची रेषा हलत नाही. कॅरिअर मात्र कॅच प्लेटच्या त्याच खाचेत परत आला पाहिजे, म्हणून तेथे खडूची खूण करावी. आटे कापून झाले की आट्यांमागचा साधा गोल भाग नोजवरच्या त्याच भागाइतका, मायक्रोमीटर लावून, मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवावा. आटे चक फक्त ओढून धरतात. त्याला मध्यावर ठेवतो तो हा साधा भाग, आणि सरळ ठेवतो तो खांदा. जुन्या मशीनवर काम करणाऱ्या पुष्कळांचा समज याच्या नेमका उलट असतो आणि मग आटे घट्ट कापण्यात सगळी मेहनत वाया जाते.

त्यानंतर जुना चक पुन्हा चढवून बिडाचे ब्लँक त्यात असे पकडावे की मागचा जाड गोटा आपल्याकडे राहील. त्याचे तोंड फेस करावे, भोक साडेचौतीस मिलिमीटरपर्यंत बोअर करावे, आत आटे संपतात तेथे टूल बाहेर निघण्यापुरती खोबणी काढावी, तोंडाशी साध्या भागाची जागा मोठी करावी आणि आटे कापावेत. हे सगळे एकदाही न सोडता, एकाच पकडीत व्हावे. तसे झाले की आटे, साधा भाग आणि खांद्यावर टेकणारे तोंड हे तिन्ही एकमेकांशी अचूक असतात आणि ब्लँक चकात कितीही तिरके पकडलेले असले तरी त्याचा परिणाम होत नाही. प्लग हाताने सहज फिरत आत जावा आणि खांद्याशी पोहोचताना शेवटी थोडा आवळल्यासारखा वाटावा. बीड कोरडेच कापतात. त्याचा काळा भुकटीसारखा चुरा बेडवर पडला की पॉलिश पेपरसारखे काम करतो, म्हणून बेडवर जुना कपडा टाकावा आणि कपडा चकात गुंतणार नाही इतका दूर बांधावा.

आता जुना चक उतरवून बॅकप्लेट थेट स्पिंडलवर चढवावी आणि तिची पुढची बाजू तेथेच टर्न करावी. बाजारात सर्रास मिळणाऱ्या चिनी बनावटीच्या १२५ च्या चकाच्या पाठीमागे ९५ मिलिमीटर व्यासाची खाच असते. तरीही ऐकीव मापावर न जाता आपल्या हातातील चकाची खाच आतून मोजावी आणि बॅकप्लेटवरील स्टेप (खाचेत बसणारा गोल उंचवटा) त्या मापाला आणावी. स्टेपची उंची खाचेच्या खोलीपेक्षा किंचित कमी असू द्यावी, नाहीतर स्टेप तळाला टेकते आणि चकाची पाठ बॅकप्लेटला कधीच पूर्ण मिळत नाही. डॉग चकाच्या बाबतीत ही स्टेप थोडी सैल झाली तरी काही बिघडत नाही, कारण जॉ वेगवेगळे हलवून मध्य आपणच लावणार आहोत. फेस मात्र सपाट आणि डायलवर स्थिर असलाच पाहिजे, कारण फेसची चूक जॉ हलवून जात नाही. पुढे कधी ट्रू चकासाठी दुसरी बॅकप्लेट कराल तेव्हा मात्र एकतर स्टेप अगदी अचूक बसवावी, किंवा मुद्दाम ०.२० ने लहान ठेवून, बोल्ट अर्धवट आवळून, पकडलेल्या रॉडवर डायल लावून चक लाकडी हातोडीने टपकावत मध्यावर आणावा आणि मग बोल्ट पूर्ण कसावेत. मी दुसरी पद्धत वापरतो. पहिलीत अभिमान जास्त आहे, दुसरीत काम लवकर होते.

अचूक स्टेपविषयी माझा अनुभव एकदा महाग पडला. मे महिन्यातील दुपार होती, पत्र्याच्या शेडमध्ये काम चालले होते, आणि मी सलग कट घेत स्टेप मापाला आणून लगेच मोजली. चक हलक्या दाबाने छान बसला आणि मी खूश होऊन घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच चक हाताने डुलत होता. ९५ मिलिमीटरचे बीड चकापेक्षा २५ अंशांनी जास्त तापलेले असेल तर ते सुमारे ०.०२६ मिलिमीटरने फुगलेले असते, आणि मी मोजले ते फुगलेले माप होते. नागपूरच्या उन्हाने चक आणि बॅकप्लेट दोन्ही सारखेच फुगत असल्याने त्याचा त्रास नाही. त्रास असतो तो कापताना एकालाच आलेल्या गरमीचा. शेवटचा कट घेण्याआधी चहाला जावे, एवढे पथ्य पुरते.

बोल्टची भोके चकावरून उतरविण्यासाठी चकाच्या भोकांच्या मापाचे टोकदार स्क्रू करून घ्यावेत किंवा कागदावर ठसा घ्यावा. एम८ च्या बोल्टसाठी बॅकप्लेटमध्ये ९ मिलिमीटरचे भोक ठेवावे, म्हणजे थोडी हालचाल उरते. भोकांच्या कडा फुलल्या असतील तर त्या काढाव्यात. एवढीशी कड सगळा फेस उचलून धरते. बोल्ट समोरासमोरचे घेत तीन-चार टप्प्यांत कसावेत.

आट्यांच्या नोजचा एक स्वभाव आपण पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावा. पुढे फिरताना चक आवळत जातो, आणि उलट फिरविल्यावर किंवा झटक्याने थांबविल्यावर तो सुटू शकतो. उमेदवारीच्या दिवसांत एका वर्कशॉपमध्ये मी चालू मशीन रिव्हर्सला टाकले आणि चक नोजवरून सुटून बेडवर आदळून माझ्या पायांपासून हातभर अंतरावर घरंगळत गेला. बेडवर पडलेला खड्डा मी त्यानंतर तीन वर्षे रोज पाहिला. म्हणून या मशीनवर रिव्हर्समध्ये कट घेऊ नये, चक मोटर चालू करून चढवू नये, आणि चढविण्याआधी आटे व खांदा दोन्ही पुसून तेलाचा एक थेंब लावावा. चक चढविताना आणि उतरविताना बेडवर लाकडी फळी ठेवावी. अडकून बसलेला चक काढण्यासाठी बॅक गिअर अडकवून चावीवर हातोडी मारणारे लोक असतात, आणि त्या गिअरचे दात त्यातच तुटतात. एका जॉखाली, बेडच्या मागच्या बाजूला, सागवानी ठोकळा टेकवून बेल्टची पुली हाताने उलटी फिरवावी, चक सुटतो. चावीविषयी एकच सांगतो: ती हातातून सोडावयाची असेल तर चकातून काढूनच सोडावी, अगदी क्षणभरासाठीही चकात ठेवू नये.

डॉग चकात शाफ्ट लावताना आधी चकाच्या तोंडावर कोरलेल्या गोल रेषा पाहून चारही जॉ अंदाजे सारखे आणावेत आणि शाफ्टवर तांब्याच्या पत्र्याचे तुकडे ठेवून हलकेच पकडावा. डायल शाफ्टच्या न झिजलेल्या भागावर, शक्यतो रोटरच्या जवळ लावावा. झिजलेल्या जागेवर लावलेला डायल आपल्याला झीजच मोजून देईल. मग पहिला आणि तिसरा जॉ अशी समोरासमोरची एकच जोडी घ्यावी. एक जॉ वर असताना काटा ४० वर आणि समोरचा वर असताना १० वर असेल, तर फरक ३० चा आहे आणि शाफ्ट १५ ने हलवावयाचा आहे. जिकडे काटा जास्त आहे तिकडचा जॉ कसण्याआधी समोरचा थोडा सैल करावा. ही जोडी जुळली की दुसरी घ्यावी, मग पुन्हा पहिली पाहावी. चारही जॉ एकदम फिरवू लागलात तर काटा आपल्याला अर्धा तास नाचवील. शेवटी दुसऱ्या टोकालाही डायल लावून पाहावा. जॉजवळ काटा स्थिर आणि लांब टोकाला हलत असेल तर शाफ्ट तिरका पकडला गेला आहे किंवा वाकलेला आहे. शाफ्टला टेलस्टॉकचा (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या, सेंटर धरणाऱ्या भागाचा) आधार हे सगळे झाल्यावर द्यावा, आधी दिलात तर सेंटर शाफ्टला ओढून धरतो आणि डायल खोटे सांगतो.

चक नवीन बसविल्यावर पहिले दोन-तीन दिवस हळू गतीवर हलके काम करून बोल्ट पुन्हा एकदा कसून पाहावेत. ट्रू चक नव्याने घेण्याचा विचार सीझन आटोपल्यावर, पाऊस लागून दुकानातील गर्दी ओसरली की करावा. तोपर्यंत जुन्या चकात किती काम निघते हे आपल्याला कळलेले असेल. त्याही वेळी दुसरी बॅकप्लेट लागणारच आहे, म्हणून आता केलेला तो प्लग तेल लावून, कापडात गुंडाळून, पावसाळ्याची ओल लागणार नाही अशा जागी ठेवावा.